काळ्या वाळूवर लागणारं सामान

हेन्डरसन, ऑकलंड
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. बाळ यास,

अनेक आशीर्वाद. सौ. स्नेहलतालाही सांग. तिची पाठ कशी आहे? मी सांगितलेलं तेल लावते का, की बाटली तशीच कपाटात?

आम्ही इकडे ठीक. यशोधन रोज उजाडायच्या आत ईस्ट टामाकीला गोदामावर जातो, सूनबाई निवेदिता इथेच कौन्सिलच्या ऑफिसात. सिद्धी माझ्या खांद्याला लागली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर तिचं तिच्या भाषेत. "पोट भरलं का गं?" विचारलं की "हीप्स, आजोबा" म्हणते, म्हणजे भरपूर. थंडी सरत आली, पण पाऊस काही पाय काढत नाही.

तुझा निरोप क्षितिजनं दिला. नोव्हेंबरात तू हॅमिल्टनला लेकाकडे येतोयस आणि "दाजी समुद्रावर मशीन घेऊन हिंडतात, मलाही बरोबर हिंडायचंय, काय काय घ्यायचं ती यादी पाठवा" म्हणतोस. क्षितिज तुला मेटल डिटेक्टर घेऊन देणार म्हणे. पोरगं गुणाचं आहे. तर यादी देतो. मी काही शिकलेला माणूस नाही. साताऱ्याच्या दुकानात तीस वर्षं लोकांचे रेडिओ आणि मिक्सर उघडून बघितले, तेवढीच माझी शाळा. हेही तसंच चुकत चुकत शिकलो.

आधी मशीन. इथला किनारा काळ्या वाळूचा. त्या वाळूत लोखंड असतं, नुसता लोहचुंबक फिरवला तरी त्याला दाढीमिशा फुटतात. म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं स्वस्तातलं मशीन घेऊ नकोस. मी पहिलं तेच घेतलं. वाळूला टेकवलं की कोकलायचं, खाली काही असो वा नसो. अनेक फ्रिक्वेन्सींचं घे, आणि खालची तबकडी, तिला कॉइल म्हणतात, ती पाण्यात बुडणारी बघ. चालू केल्यावर लगेच चालायला लागायचं नाही. तबकडी वाळूवर खाली-वर, खाली-वर करत राहायची, वाळूची आणि मशीनची ओळख होईपर्यंत. मग ते गप्प होतं. ते गप्प झालं की मात्र अंगावर येतं, बाळ. सगळा किनारा कान देऊन उभा आहे असं वाटतं.

दुसरं, पायात गमबूट, आणि तेही साधे रबराचे. मी पहिल्या दिवशी यशोधनचे कामावरचे बूट घालून गेलो. त्यांच्या पुढच्या टोकात पोलादाची वाटी असते हे मला कुठलं ठाऊक! तबकडी पायाजवळ आली की मशीन वाजायचं. मी थांबायचो, उकरायचो, काही नाही. पुन्हा एक पाऊल, पुन्हा वाजलं. अर्धा तास मी माझ्याच पायाची बोटं शोधत होतो. तिथे ग्रॅहम नावाचा म्हातारा असतो, निवृत्त प्लंबर, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो लांबून बघत होता. शेवटी जवळ आला. "किया ओरा, मित्रा. तू स्वतःला शोधतोयस की काय?"

मी त्याच्याबरोबर हसलो. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. पायापाशी काहीतरी वाजत होतं हे मला दिवसभर पुरलं.

हेडफोन अवश्य घे. समुद्राची गाज एवढी असते की बारीक आवाज बुडून जातात. पण वायरचा जरा सैल घे, म्हणजे एक कान उघडा ठेवता येतो. पाठीमागून लाट आली, कुणी हाक मारली, तर कळायला हवं. मी डावा कान उघडा ठेवतो. वासंती नेहमी डावीकडून चालायची.

उकरायला लांब दांड्याचा स्टीलचा स्कूप घे. आपला पुऱ्या तळायचा झारा असतो ना, तसाच, फक्त खोलगट आणि माणसाएवढा उंच. वाळू गळून जाते, वस्तू राहते. मग पिनपॉइंटर, गाजराएवढी छोटी कांडी. ढिगाऱ्यात नेमकं कुठे आहे ते ती थरथरून सांगते. कमरेला दोन खणांची पिशवी, एकात कचरा, एकात सापडलेलं. कचऱ्याचा खणच मोठा बघ, डब्यांची झाकणं आणि खिळेच जास्त निघतात. खड्डा उकरला की बुजवायचा. ग्रॅहम याबाबतीत आपल्या शेळके मास्तरांसारखा कडक आहे.

आणि एक नमुना जवळ ठेवावा लागतो. जे शोधायचं तसलीच एक वस्तू. परसात पुरायची, तबकडी फिरवायची, आवाज कानात मुरवायचा. खिळा घोगरा वाजतो. चांदी उंच वाजते, स्वच्छ, फरशीवर कुणी बोट टेकवावं तशी.

माझा नमुना काय आहे ते तुला सांगायला हवं. त्यासाठीच पत्र लिहिलं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आधीच "असू द्या हो दाजी" म्हणून मोकळा होतोस. हे असू द्यायचं नाही.

माझा नमुना म्हणजे वासंतीचं, तुझ्या ताईचं, एक जोडवं. तुझ्या पहिल्या पगाराचं. ब्याऐंशी सालच्या भाऊबीजेला तू स्वतः तिच्या पायात घातलेल्या जोडातलं.

तू मला व्हिडिओवर विचारलं होतंस, "दाजी, ताईच्या पायात माझी जोडवी होती ना?" मी हो म्हणालो. तू डोळे पुसलेस आणि म्हणालास, "बरं झालं. भरल्या पायानं गेली." व्हिसा वेळेत आला नाही म्हणून तुला तिचं तोंड बघता आलं नाही, आणि तेवढ्या एका गोष्टीवर तू शांत झालास. ते खोटं होतं, बाळ.

इस्पितळात तिचा स्कॅन करायचा होता. त्या यंत्रात मोठा लोहचुंबक असतो, अंगावर धातूचं काही चालत नाही. बांगड्या, मंगळसूत्र निघालं. जोडवी निघेनात, पाय सुजलेले. नर्स कापायचं बोलली. मी म्हटलं, थांबा. तिच्याच पर्समधला दोरा बोटाला गुंडाळला, खोबरेल लावलं आणि हळूहळू काढली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. खाली बोटाला पांढरी कडी पडली होती.

ती म्हणाली, "अहो, लगेच घाला हं परत. दुसऱ्याच कुणाचे पाय असल्यासारखे वाटतात."

मी म्हटलं, "वॉर्डात गेलो की घालतो." कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. वॉर्डात डॉक्टर आले, कागद आले, यशोधन आला. संध्याकाळी तिनं विचारलं, "जोडवी?" मी म्हटलं, "सूज उतरू दे." दुसऱ्या दिवशी ती कुणाला काही विचारायच्या पलीकडे गेली होती. तिसऱ्या दिवशी गेलीच.

निवेदितानं सगळं रीतीनं केलं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, ओटी. पायावरून चादर होती. तिनं मला विचारलं, "बाबा, जोडवी आहेत ना आईंच्या पायात?" मी हो म्हणालो. त्या घटकेला मला खरंच ती असल्यासारखीच वाटत होती. एवढ्या वर्षांची डोळ्यांना सवय. आठवलं ते स्मशानातल्या त्या खोलीत, बटण दाबायला यशोधननं माझा हात हातात घेतला तेव्हा. कोट माझ्या अंगावर होता. जोडवी छातीला टोचत होती. थांबा म्हणायचं होतं. नर्सला म्हणालो होतो की. तिथे चाळीस माणसं होती आणि मी एकदा हो म्हणून बसलो होतो. मला लाज वाटली, बाळ. बायकोपेक्षा लाज मोठी झाली. मी बटण दाबलं.

तेराव्या दिवशी रक्षा सोडायला गेलो. निवेदितानं ऑफिसात चौकशी केली होती. लोक खायला शिंपल्या वेचतात तिथे रक्षा सोडलेली इथल्या मूळ माणसांना खपत नाही, त्यांचं ताट आहे ते. म्हणून विचारून, दूरची जागा घेतली. मी ठरवलं होतं, रक्षेबरोबर गुपचूप दोन्ही जोडवी सोडायची. गुडघाभर पाण्यात उभा राहून खिशात हात घातला. एक हाताला आलं, एक फाटक्या अस्तरात अडकलं. ओढाताण करतोय तोच लाट आली आणि हातातलं गेलं. दुसरं राहिलं. ते नंतर टाकायला तीनदा गेलो. टाकवत नाही. पहिलं कुठे आहे ते माहीत नसताना दुसरं कुठे टाकू?

तेव्हापासून घरात एका पायाचा आवाज येतो.

तुला आठवतं ना, ती चालली की फरशीवर टिक-टिक व्हायचं. सगळे कामाला, शाळेला गेले की दुपारी मी एकटा असतो. स्वयंपाकघराच्या फरशीवर टिक. मग काही नाही. मग पुन्हा टिक. लंगडल्यासारखं. मी उठून बघतो. नळ गळत नाही, घड्याळ नाही. यशोधनला एवढंच म्हणालो की घरात आवाज येतो. त्यानं शांतपणे फ्रिज तपासायला माणूस बोलावला. गुणी आहे तोही.

हेडफोनात मशीन गप्प असतानाही मला तोच आवाज येतो. डाव्या, उघड्या कानात. वळून बघतो. ओल्या काळ्या वाळूवर माझीच पावलं असतात, एकेरी. तरी प्रत्येक वेळी मोजल्यासारखी बघतो.

ग्रॅहमनं मला एकदा विचारलं, "तू नक्की काय शोधतोस रे?"

"नाणी."

"नाणी शोधणारा माणूस एवढा हळू चालत नाही. आणि नाणी सापडली की तुझं तोंड पडतं."

मग मी त्याला पिशवीतलं जोडवं दाखवलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यानं ते तळहातावर घेऊन उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाला, "तुझ्या मेव्हण्याला सांगितलंस?" मी म्हटलं, नाही. "मग आधी तिथे उकर," म्हणाला आणि आपला झारा खांद्यावर टाकून चालायला लागला. परक्या देशातला प्लंबर मला हे सांगतो.

आता गेल्या मंगळवारचं. ओहोटी खूप लांबपर्यंत गेली होती. आम्ही रक्षा सोडली तिथे एक बसक्या बैलासारखा खडक आहे. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला वाजलं. उंच, स्वच्छ. मी नमुना बाजूला टाकून पडताळून पाहिलं. मशीनवरचा आकडा तोच. सूर तोच. गुडघ्यावर बसलो, झारा रोवला, आणि हात चालेना. निघालं तर तुला सांगावं लागेल, न निघालं तरी सांगावं लागेल. झारा उपसून घेतला. खडकाचं टोक आणि टेकडीवरचं वाकडं झाड एका रेषेत धरून जागा मनात पक्की केली आणि घरी आलो.

त्यानंतर चारदा गेलो. दोनदा वाजलं. दोनदा त्याच जागी चिडीचूप. वाळू सरकते म्हणून असेल. ग्रॅहम म्हणतो, एखाद्या डब्याचं झाकणही असेल. असेलही.

उद्या अविधवा नवमी. निवेदितानं भाग्यश्री म्हणून मैत्रीण आहे, तिला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलंय. आज सकाळी मला म्हणते, "बाबा, तिला जोडवी द्यायची ठरवलीय. आईंच्या पायात होती तशीच जाड मागवलीत. बघा बरं, तशीच आहेत ना?" डबी माझ्या हातात दिली. मी ती उघडूही शकलो नाही. तिला म्हटलं, आधी बाळला पत्र लिहितो, मग तुझ्याशी बोलतो. पत्र बंद केलं की स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगणार आहे. उद्याचं पान वाढायच्या आधी.

तर तुझी यादी. मशीन घेऊ नकोस, माझं आहे. झारा आहे, कांडी आहे, दोन खणांची पिशवी आहे. गमबूट यशोधनचे जुने, रबराचे, तुझ्या मापाचे आहेत. फक्त एक वस्तू माझ्याकडे नाही. एका मशीनला दोन हेडफोन लावायचा जोड मिळतो, छोटासा, दोन फाट्यांचा. म्हणजे दोघांना एकच आवाज एका वेळी ऐकू येतो. तो क्षितिजला आणायला सांग. माझ्या एकट्याच्या कानावर माझा आता भरवसा राहिलेला नाही. वाजतंय की मलाच वाजल्यासारखं होतंय, ते तू ऐकून सांग.

वाजलं तर उकरायचं तू. घालणारा तू होतास. जे निघेल ते निघेल. मग दुसरं तुझ्या हातात देईन. दोन्ही घरी न्यायची, की दोन्ही तिला एकदम द्यायची, ते तू ठरव. मी एक शब्द बोलणार नाही.

आणि हे वाचून यावंसंच वाटलं नाही, तर तेही मला समजेल. मग हॅमिल्टनहून उगीच चार ओळींचं गोड पत्र पाठवू नकोस. तो जोड तेवढा पोस्टानं पाठव. मी दुसरा हेडफोन डाव्या बाजूला वाळूवर ठेवीन.

सौ. स्नेहलताला हे पत्र वाचून दाखव. तिच्यापासूनही लपवायला सांगणार नाही.

तुझा,
नारायण
(दाजी लिहायला पेन टेकवलं होतं. तू आल्यावर तशी हाक मारलीस, तर पुन्हा लिहीन.)