न उघडणारी खिडकी

प्रिय ताई,

तुम्हाला ताई म्हणायचा हक्क मला कोणी दिलेला नाही, हे मला माहीत आहे. पण मनातल्या मनात मी तुम्हाला पहिल्यापासून तेच म्हणत आले, आणि आज मायना लिहिताना दुसरं काही सुचलं नाही. माझं पत्र पाहून तुमच्या मनात नको ते येईल, म्हणून आधी एवढं सांगते, की भिंगरीला काही झालेलं नाही. रविवारी तुमच्या दारात मी तिला तुमच्या कडेवर दिली, तशीच ती धडधाकट आहे. गुडघ्यावर खरचटलंय तेवढंच, आणि ते कसं खरचटलं तेच सांगायला बसले आहे. दुकानात कापायच्या टेबलाशी बसून लिहितेय. समोर तीन पँटी आणि एक कोट उसवून पडलाय, संध्याकाळी गिऱ्हाईक येईल, पण सुई अजून हातात घेतलेली नाही. आधी हे पत्र पुरं करायचंय.

तुम्ही मला फोन केलात तो दिवस आठवतो ना? भिंगरीच्या बाबाला नाही, मला केलात. आमच्या लग्नाला वर्ष झालं, त्यात तुमचा मला आलेला तो पहिलाच फोन. कोर्टाने दिलेले दहा दिवस तो लेकीला घेऊन बोटीवर का घालवतोय, यावर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. फक्त विचारलंत, ‘खोली कुठली घेताय? तिची खिडकी उघडते का?’ मी म्हटलं, बघून सांगते. फोन ठेवल्यावर मी जरा हसलेच, खोटं कशाला बोलू. त्याने तुमच्याबद्दल जे सांगितलं होतं त्यात हा प्रश्न अगदी चपखल बसत होता. घाबरट बाई, हिला सगळीकडे अपघातच दिसतात. पण हसून झाल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग मी सलग दोन दुपारी दुकान बंद ठेवून तिकिटांच्या ऑफिसात जाऊन बसले.

तिथल्या मुलीने बोटीचा नकाशा माझ्यापुढे पसरला. मापं घेणं हा माझा धंदाच, त्यामुळे मला त्या कामात रस येत गेला. पोहण्याच्या तलावाखालची खोली नको, कारण सकाळी डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो आणि मूल दचकून उठतं. नाटकघराच्या वरची नको, तिथे जमीन धडधडते. टोकाची नको, टोकं जास्त हलतात. लिफ्टला लागून नको, कारण भिंगरी दार उघडं दिसलं की सुटते आणि लिफ्ट कुणासाठी थांबत नाही. तिचा पाळणा पलंग आणि कपाटाच्या मध्ये बसेल का, बसल्यावर न्हाणीघराचं दार उघडेल का, उंबरा किती उंच, बाहेरचं दार आपोआप बंद होतं तर त्यात बोटं सापडतील का, सगळं विचारून घेतलं. ती मुलगी शेवटी म्हणाली, ‘बाई, एवढी चौकशी कप्तानानेसुद्धा केली नसेल.’ शेवटी तिसऱ्या मजल्यावर मधोमध एक खोली सापडली. वर खोल्या, खाली खोल्या, आणि भिंतीत एक गोल खिडकी, हातभर रुंद, जाड काचेची, चारी बाजूंनी स्क्रूने पक्की बसवलेली. ती उघडतच नाही. मी तुम्हाला तसं कळवलं आणि तुम्ही म्हणालात, ‘बरं वाटलं.’ दोनच शब्द, पण ते ऐकून मलाही बरं वाटलं.

आता पहिली गोष्ट कबूल करते. निघायच्या दिवशी धक्क्यावर सामान उतरवत होतो, तेवढ्यात तो हसत आला आणि खोलीचं दार उघडायची दोन कार्डं माझ्या नाकासमोर नाचवली. खोली बदलून घेतली होती त्याने. आठवा मजला, बाल्कनीवाली. ‘समुद्रावर जायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं का?’ म्हणाला. त्याचा आनंद कसा असतो तुम्हाला माहीत आहे. समोरच्याला त्यात विरजण घालायची लाज वाटते. त्याच क्षणी तुमचा फोन आला. तुम्ही विचारलंत, ‘तीच खोली ना?’ तो माझ्यासमोर उभा होता, भिंगरी त्याच्या खांद्यावर बसून त्याचे केस ओढत होती. मी म्हटलं, ‘हो, तीच.’

खोली सुंदर होती. एका अंगाला भिंतच नाही, सगळी काच. सरकतं दार, त्याची मूठ माझ्या कंबरेच्या जरा वर, आणि त्याहून वर एक खिटी. बाहेर दोन खुर्च्या, एक बुटकं टेबल, काचेचा कठडा, आणि पुढे पाणीच पाणी. तो आंघोळीला गेला तेव्हा मी पर्समधली टेप काढली. कठडा चव्वेचाळीस इंच. टेबल अठरा. भिंगरीला दाराच्या चौकटीला उभी केली, छत्तीस. अठरा आणि छत्तीस चोपन्न. मी ती बेरीज दोनदा केली. शिवणकामात एवढी साधी बेरीज मी कधी दोनदा केलेली नाही.

खोली आवरायला एक वयस्कर काका यायचे. त्यांना सांगून मी खुर्च्या आणि टेबल त्याच दिवशी हलवून घेतलं. त्यांनी भिंगरीकडे पाहून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना बोलावून सगळं परत आणवलं. ‘बाल्कनी काय उभं राहायला घेतली?’ म्हणाला. मी खिटी लावायची, तो वाऱ्यासाठी काढायचा. मी काही बोलले की त्याचं ठरलेलं, ‘काही होत नाही गं.’ चौथ्या दिवशी सकाळी मी तेच पुन्हा काढलं तेव्हा तो हसत म्हणाला, ‘तू तर अगदी तिच्यासारखी बोलायला लागलीस.’ त्याला ती थट्टा वाटली. माझ्या मात्र अंगावर काटा आला, ताई. कारण मी खरंच तुमच्यासारखी बोलत होते आणि मी म्हणत होते ते बरोबर होतं. मग तुमचंही तेव्हा बरोबर असणार. तुम्ही कोर्टात सांगितलं होतंत की भिंगरी आठ महिन्यांची असताना तो तिला टबमध्ये बसवून फोन घ्यायला बाहेर गेला होता. त्याने मला सांगितलं होतं की तसं कधी झालंच नाही, ते तुम्ही रचलंत. मी मान डोलावली होती.

त्याच दिवशी दुपारी भिंगरी पाळण्यात झोपली. तिचे कपडे फार साठले होते. कपडे धुवायची यंत्रं दोन मजले खाली होती. मी विचारलं, ‘तू आहेस ना इथे?’ तो बाल्कनीत टेबलावर पाय टाकून बसला होता. म्हणाला, ‘मी आहे ना.’ मी गेले. यंत्र भरलं, पावडर घातली, कपडे गोल गोल फिरताना बघत बसले आणि मग उगाचच मला करमेना. धुणं तसंच ठेवून वर आले. पंचवीस मिनिटं झाली असतील. कार्ड लावून दार उघडलं तर वारा अंगावर आला. पडदा छताला लागेल इतका उडत होता. पाळणा रिकामा. त्याचाही पत्ता नव्हता. बाल्कनीचं दार वीतभर उघडं होतं, आणि ते बुटकं टेबल कठड्याला चिकटवून ठेवलेलं होतं. टेबलावर तिचा एक मोजा होता, पिवळा.

पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात. तिथे जमीनच नव्हती. मी बाल्कनीत गेले, पण कठड्यापाशी जाता येईना. वाकून खाली बघायचं आणि काही दिसलं तर, ते मला झेपणार नव्हतं. मी किती वेळ तशी उभी राहिले ते आजही सांगता येत नाही. कदाचित तीन-चार श्वास, कदाचित जास्त. त्या वेळात मी तिला हाक मारली नाही, कुणाला बोलावलं नाही, काहीच केलं नाही. हे तुमच्यापासून लपवणार नाही. मग बघितलं. खाली पांढरा फेस मागे मागे जात होता. मी ओरडले, तिचं नाव घेऊन ओरडले की नुसतीच ओरडले ते माहीत नाही. काका धावत आले. त्यांनी आधी पलंगाखाली पाहिलं, मग कपाटात, मग न्हाणीघरात. मी मोजा हातात धरून भिंतीला टेकले होते. आणि मग गाणं ऐकू आलं. तुम्ही तिला झोपवताना म्हणता ते, शब्दांच्या जागी नुसतं ‘लालाला’ करत. शेजारच्या बाल्कनीतून.

दोन बाल्कनींमध्ये एक पातळ भिंत होती. ती जमिनीला टेकत नव्हती, खाली फट होती. मी सगळं मोजलं होतं, ताई, ती फट मोजली नव्हती. नंतर मोजली. नऊ इंच. भिंगरी पालथी होऊन त्यातून सरपटत पलीकडे गेली होती, तिथेच गुडघा खरचटला. शेजारची माणसं जेवायला गेली होती. काकांनी त्यांच्याकडच्या कार्डाने ती खोली उघडली. ती खुर्चीमागे सावलीत बसून कुणाच्या तरी टॉवेलचं टोक चघळत होती. मला बघून ‘मावशी, ओलं’ म्हणाली आणि टॉवेल पुढे केला. त्याआधी ती टेबलावर चढून खाली उतरली होती, की मोजा त्यानेच खेळता खेळता तिथे टाकला होता, मला कधीच कळणार नाही. हा प्रश्न मी रोज उठल्यावर विचारते आणि झोपताना विचारते.

तो आला तेव्हा त्याच्या हातात टेबलटेनिसची बॅट होती. वरच्या मजल्यावर सामना होता, दहाच मिनिटांसाठी गेलो, म्हणाला. ऐकल्यावर त्याचाही चेहरा पांढराफटक पडला, त्याने तिला घट्ट धरलं, रडलासुद्धा. मी त्याला राक्षस ठरवत नाही. पण डोळे पुसल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘हे तिच्या आईच्या कानावर जाता कामा नये.’ काका दारात उभे होते. हळूच म्हणाले, ‘साहेब, मला नोंद करावी लागेल.’ अर्ध्या तासाने बोटीवरची एक अधिकारीण आली, कागद घेऊन. त्याने तिला शांतपणे सांगितलं की साफसफाई करताना दार या काकांनीच उघडं टाकलं. अधिकारीण माझ्याकडे वळली. काकाही माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, ‘मी खाली होते. मला माहीत नाही.’ ही माझी दुसरी कबुली.

त्या संध्याकाळी मी खाली जाऊन दुसरी खोली मागितली. एकच शिल्लक होती, आतल्या बाजूची, खिडकीच नसलेली. मी भिंगरीला घेऊन तिकडे राहायला गेले. त्याने दोनदा येऊन समजावलं, एकदा चिडला, मग वरच राहिला. चारी बाजूंना भिंती, दिवा मालवला की मिट्ट काळोख. तिला त्याची भीती वाटायची, मग आम्ही न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवायचो. उरलेले दिवस आम्ही तिथे काढले. मला इतकी छान खोली कधी मिळाली नव्हती. तरीही मी दर थोड्या वेळाने तिच्या पोटावर हात ठेवून बघायची. काका जाता-येता भेटायचे, तसेच मान डोलवायचे, आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. शेवटच्या सकाळी, बोट धक्क्याला लागायच्या आधी, मी भिंगरीला कडेवर घेऊन त्या अधिकारिणीकडे गेले आणि सांगितलं की माझा जबाब बदलायचा आहे. दार त्याने उघडलं होतं, टेबल त्याने कठड्याला लावलं होतं, आणि मूल एकटं टाकून तो गेला होता. तिने सगळं नव्याने लिहून घेतलं. मी सही केली आणि एक प्रत मागून घेतली. हे त्याला अजून माहीत नाही.

हे सगळं तुम्हाला का लिहिलं ते आता सांगते. गेल्या वर्षी कोर्टात तुम्ही त्या टबाची गोष्ट सांगितलीत, तेव्हा माझं प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं होतं. ते मी मनापासून लिहिलं होतं. बाप अत्यंत काळजी घेणारा आहे, मूल तो क्षणभरही नजरेआड करत नाही, आणि आईचा स्वभाव भित्रा आणि संशयी आहे, असं त्यात होतं. त्या कागदामुळे त्याला हे दहा दिवस मिळाले. पुढच्या महिन्यात तारीख आहे आणि त्याला आता सबंध उन्हाळी सुट्टी हवी आहे. तसाच नवा कागद त्याने टाइप करून आणलाय, शुक्रवारपर्यंत मी सही करायची आहे. मी करणार नाही. बोटीवरच्या जबाबाची प्रत या पाकिटात घातली आहे. ती आणि हे पत्र तुमच्या वकीलबाईंना द्या, मी कोर्टात उभी राहून हेच बोलेन. घरी काय होईल याची मला फार भीती वाटते, ताई. पाकीट टपालपेटीत टाकेपर्यंतसुद्धा वाटत राहील. तुम्ही माफ करावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही भित्र्या आहात असं मी सही करून दिलं होतं. तुम्ही भित्र्या नव्हतात, तुम्ही खरं सांगत होतात, आणि हेही मी सही करूनच देते आहे.

तुमचीच,
भिंगरीची मावशी