बाबांच्या ताटातलं सॉसेज

प्रिय नोरीनताई,

देवाची कृपा तुझ्यावर आणि डब्लिनच्या रहदारीवर सदैव राहो. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या रोजच्या प्रार्थनेत ते असतात (डावा आधी).

तू पाठवलेली ओटची पिशवी पोचली. हिवाळ्यात बाबांच्या छातीत कळ आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं: सकाळी लापशी, तळलेलं बंद, नाहीतर पुढची कळ शेवटची. तेव्हापासून मी रोज देवाचं नाव घेऊन लापशी ढवळतो. बाबा दोन चमचे खातात, "फिन्टन, भिंत कुठली लिंपायची होती रे?" असं विचारतात आणि वाडगा कोंबड्यांपुढे उपडा करतात. कोंबड्यांची तब्येत उत्तम आहे.

मग ईस्टरनंतर बाबा एकाएकी भाविक झाले. आई गेल्यापासून चर्चची पायरी न चढलेला माणूस, फादर पाळीपाळीने एकेका घरी येऊन प्रार्थना घेतात त्या घरोघरच्या मिस्सांना जाऊ लागला, पार डोंगरापलीकडच्यासुद्धा. मला वाटलं, माझी प्रार्थना फळली. पण ज्या घरी पाळी असते ते घर मिस्सेनंतर सगळ्यांना न्याहारी घालतं, हे ध्यानात यायला मला जरा वेळ लागला (प्रार्थनेत माझे डोळे मिटलेले असतात). डेलियाकाकूंकडे तर शेवटचं 'आमेन' व्हायच्या आत बाबा टेबलाशी! पुढ्यात बेकन, अंडी, सॉसेज. काकू म्हणाल्या, "काय रे मार्टिन, म्हातारपणी देवाचा भलताच लळा लागला तुला!" बाबा म्हणाले, "देवाचा नव्हे गं, तुझ्या तव्याचा." फादर टायर्नी एवढे हसले की त्यांनी स्वतःचं सॉसेज बाबांना वाढलं.

मी काय करणार? चारचौघांत बापाला रागावणं बरं नाही आणि अन्न टाकणं पाप. तेव्हा मी शेजारी बसून त्यांच्या ताटातलं एकेक उचलून गिळू लागलो. प्रत्येक घरी. निव्वळ पितृभक्तीने. (डेलियाकाकू सॉसेज घरी करतात, हा त्यांचा दोष.) बाबा इतके चिडले की माझ्या गाडीत बसेनात. डोंगर चढून पायी जायला लागले.

काल डॉक्टरीणबाईंनी दोघांचंही रक्त तपासलं. बाबांना म्हणाल्या, "छान! असंच चालू द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही जरा बसा."

तुझा भाऊ, देवाच्या दयेने अजून चालताफिरता,
फिन्टन

ता. क. ओटची पिशवी आता मोठी पाठव. दोन वाडगे लागतात.

ता. क. पुढच्या शनिवारी मिस्सेची पाळी आपल्याकडे आहे. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. तिचा तवा खुंटीवरून उतरवायला माझा हात धजत नाही. तू येशील का? हे विचारायलाच पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. हे मी लिहितोय, तुझा बाप. पत्र टाकायला मीच निघालोय. पोरी, घरच्या टेबलाशी बसलं की समोर तुझ्या आईची खुर्ची दिसते, म्हणून मी लोकांकडे जेवत फिरलो. तू ये आणि त्या खुर्चीत बस, मी मुकाट्याने लापशी खाईन. सॉसेज मात्र आण, पाहुण्यांना लागतील. फिन्टनची काळजी नको. त्याच्या शेजारी मी बसतो.