सचिवांच्या मातोश्री

दि. ६ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू क्लबच्या सभेत असतोस, नाहीतर सभेला निघालेला असतोस. म्हणून म्हटलं पत्रच टाकावं. तुझ्या सासूबाई गेल्याचं कळलं, वाईट वाटलं. अंथरुणात चार वर्षं काढली बिचारीने. बायकोला जप. आई गेली की बाईचं माहेर संपतं.

आता कामाचं. आई तुझ्याकडे यायचं म्हणते. जुनं घर विकून तू त्या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतलास, तेव्हा खिडकीजवळची खोली तिची, असं तूच ठरवलं होतंस. त्या खोलीत ती जेमतेम पंधरा दिवस राहिली. मग तुझ्या सासूबाई पडल्या. खोली एक आणि म्हाताऱ्या दोन, म्हणून तू आईला दोन महिन्यांसाठी माझ्याकडे पाठवलंस. त्या दोन महिन्यांचं पुढे काय झालं ते तुलाही ठाऊक आहे. मला ती जड झालेली नाही, भलता अर्थ काढू नकोस. तुझे भावजी रोज तिच्याशी पत्ते खेळून हरतात आणि वर खूश असतात. पण लेकीच्या घरी तिला पाहुण्यासारखं वाटतं. उरलेले दिवस मुलाजवळ काढायचे, एवढंच तिचं मागणं आहे. बॅग भरून ठेवली आहे.

घ्यायला कधी येतोस ते कळव. तुझा आमच्यावर लोभ आहे हे ऐकून आहोत. जमलं तर तो थोडा कामालाही येऊ दे.

तुझी
ताई


दि. १५ जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

क्लबच्या छापील कागदावर लिहितो आहे म्हणून हसू नकोस, घरातले कागद संपले आहेत. तू सभांवरून टोमणा मारलास, पण दर गुरुवारची ही सभा म्हणजे नुसता चहा-बिस्किटांचा कार्यक्रम नव्हे. गेल्या महिन्यात आम्ही डोळे तपासणीचं शिबिर घेतलं, बसथांब्यावर बाकं बसवली. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, शिस्तीचे फार. सचिव म्हणून पत्रव्यवहार, पाहुणे, हॉल, सगळं माझ्या गळ्यात. त्याचं फळ असं की येत्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी माझंच नाव घेतलं जातंय. आईला सांग, तिला बरं वाटेल.

तिच्या येण्याचं म्हणशील तर मी नाही कधीच म्हटलं नव्हतं. फक्त जरा थांबा. खोलीला रंग द्यायचा आहे. शिवाय इथली परिस्थिती सध्या थोडी नाजूक आहे, ती भेटीत सांगेन. निवडणूक एकदा पार पडली की बघू.

भावजींना नमस्कार. आजवर सांभाळून घेतलंत, तसंच याही वेळी घ्यावं.

तुझा
धाकटा


दि. २४ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, सवयीने.

तुझी नाजूक परिस्थिती पोस्टाने आली. क्लबमध्ये गेलास तेव्हा मोठ्या हौसेने त्यांच्या पत्रकासाठी माझा पत्ता दिला होतास, तो तू विसरलास. ते विसरले नाहीत. आई ते पत्रक भिंग लावून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते, कारण त्यात तुझं नाव असतं. परवाही पाकीट तिनेच फोडलं. आत काळ्या चौकटीत बातमी होती. क्लबच्या सचिवांच्या मातोश्रींचं वृद्धापकाळाने निधन. साप्ताहिक सभेत सर्व सदस्यांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. मातोश्रींची अखेरपर्यंत सेवा करणाऱ्या अशा पुत्राचा आदर्श तरुणांनी घ्यावा, असं अध्यक्ष म्हणाले. खाली आपल्या आईचं नाव, बाबांच्या नावासकट, आडनावासकट.

आधी वाटलं, छापणाऱ्याचा घोटाळा असेल. मग फोटो पाहिला. सगळे माना खाली घालून उभे आणि मधोमध तू. तुझीही मान खाली. त्यात तुझा हात नसता तर निदान तुझी तरी मान वर असती.

आईने फोटो भिंगाखाली धरला. मग तिने विचारलं, की किती माणसं जमली होती. मी फोटोत मोजून सांगितलं, चाळीसेक दिसतात. तेव्हा म्हणाली, की बाबांच्या वेळी एवढी नव्हती. त्यानंतर भिंग पुसून ठेवलं. त्या दिवशी पत्ते खेळायला बसली नाही.

लोकांच्या बाकांची आणि डोळ्यांची काळजी करणारा माझा भाऊ स्वतःच्या जिवंत आईसाठी दोन मिनिटं उभा राहिला. उभा असताना तुझ्या मनात काय चाललं होतं, तेवढं मला लिही. बाकी गोड बोलणं राहू दे.

ताई


दि. ३० जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस कशात लक्ष लागलं नाही. तरी माझी बाजू ऐकून घे.

या वसाहतीत मला कोणी आधीपासून ओळखत नव्हतं. घरी येणाऱ्याला आतल्या खोलीत अंथरुणावर म्हातारी बाई दिसायची. ती माझी आई, असं लोकांनीच धरलं. पहिल्यांदा कोणी कौतुक केलं तेव्हा सांगायचं राहून गेलं. गेल्या वर्षी क्लबने मातृसेवेबद्दल मानपत्र देऊन माझा सत्कार केला, पत्रकात नुसतं सचिवांचा सत्कार एवढंच आलं होतं. तेव्हा सांगायला हवं होतं, कबूल. पण हॉल भरलेला, बाहेरगावचे पाहुणे समोर, जीभ रेटली नाही.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या गुरुवारी मला सभेला उशीर झाला. आमचे एक सदस्य, फर्निचरवाले, दर वेळी सदस्यांच्या घरच्या बातम्या वाचतात. कोणाचा वाढदिवस, कोणाची मुलगी पास झाली, कोण आजारी. त्या दिवशी त्यांनी माझी आई गेल्याचं वाचलं. मी दारात पाऊल टाकलं आणि सगळे उभे राहिले. अशा वेळी हात वर करून काय सांगायचं होतं? की बसा, माझी आई जिवंत आहे, बहिणीकडे असते? मग ही कोण होती आणि ती तिकडे का, हे पुढचे प्रश्न आलेच असते. अध्यक्षपद राहिलं बाजूला, तोंड दाखवायची सोय उरली नसती. पत्रकासाठी नाव विचारलं तेव्हा मी आईचं सांगितलं. एकदा मान खाली घातल्यावर दुसरं काय सांगणार? आता सरकारी रुग्णालयाच्या दाराशी तिच्या नावाने गार पाण्याचं यंत्र बसवताहेत. वर्गणी गोळा झाली आहे.

तू विचारलंस म्हणून खरं लिहितो. उभा होतो तेव्हा मला रडू आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मी एक तोड काढली आहे. आईला खुशाल पाठव. निवडणुकीपर्यंतसुद्धा थांबायला नको. फक्त इथे सांगू, की आईची धाकटी बहीण आली आहे, माझी मावशी. चेहरेपट्टीची अडचण नाही, इथे खऱ्या आईला कोणी पाहिलेलं नाही. खोली तीच, खिडकी तीच, मुलगा तोच. बाहेरच्यांपुरती एक हाक बदलायची, घरात आईच. तिला समजावून सांग. माझी अडचण तिला नेहमी कळते.

राग धरू नकोस. तुझ्याशिवाय मला हक्काचं कोण आहे?

तुझा
धाकटा


दि. ७ ऑगस्ट

धाकट्यास,

तुझं पत्र मी चुलीत घालणार होते. आईने हातातून काढून घेतलं. वाचून हसली आणि म्हणाली, की माय मरो पण मावशी जगो ही म्हण आजवर नुसती ऐकली होती. मला हसू आलं नाही. मी तिला म्हटलं, की असं कोणाच्या दारात जायचं काही कारण नाही, हे घर आहे. तर म्हणाली, की या वयात मला मान घेऊन काय करायचंय, सकाळी उठून त्याचं तोंड दिसलं म्हणजे झालं. आणि घरात तो आईच म्हणणार आहे, हे तुझं वाक्य तिने मला दोनदा वाचून दाखवलं.

रविवारी तुझे भावजी तिला आणून सोडतील. मी येणार नाही. तुझ्या उंबऱ्यात उभं राहून स्वतःच्या आईची भाची व्हायची माझी तयारी नाही. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. रक्तदाबाची गोळी सकाळी, काहीतरी खाऊन. जिना उतरताना हात धरावा लागतो, मावशीचाही धरतात.

लोभाचं काय लिहू? तू लिहिलेलं वाक्य तेवढं पाळ.

ताई


दि. २१ सप्टेंबर

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. काय लिहावं ते सुचत नव्हतं. प्रकृती ठीक आहे. खोलीला खरंच रंग दिला आहे, खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसतं. तुझा भाऊ बडदास्त ठेवतो. उशी बरोबर आहे का, पंखा लागतो का, सगळं विचारतो. आईला इतकं कोणी विचारत नाही.

सूनबाईची मला दया येते. मेली तिची आई आणि भेटायला येणारे सांत्वन करायचे तिच्या नवऱ्याचं. तिच्या आईच्या नावाने कोणी मिनिटभरही उभं राहिलं नाही. दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसते, तिच्या आईच्या गोष्टी सांगते. मी ऐकते. या घरात खरं बोलायला आम्ही दोघीच.

ते पाण्याचं यंत्र सुरू झालं. दातांच्या डॉक्टरांनी सुचवलं, की सख्ख्या बहिणीच्या हस्तेच व्हावं. तुझ्या भावाने माझ्याकडे पाहिलं नाही. पाटीवर कै. लिहून पुढे माझं नाव. मी नळ सोडला, पहिला पेला मलाच दिला. पाणी चांगलं गार होतं. फर्निचरवाल्यांनी आपुलकीने विचारलं, की बहीण कशी होती. मी सांगितलं, साधी होती, मुलाचं वेड मात्र फार. टाळ्या वाजवल्या लोकांनी. तो अध्यक्ष झाला, ते तुला पत्रकातून कळलंच असेल.

एवढं सगळं मी समजून घेतलं. चार माणसांत मावशी, हे ठरलेलंच होतं. पहिले काही दिवस दार लागलं की तो मला आई म्हणायचाही, हळूच. परवा दुपारी सूनबाई बँकेत गेली होती. कामवाली येऊन गेलेली, दार आतून लावलेलं. घरात आम्ही दोघंच. मी मुद्दाम त्याच्या टेबलाशेजारी जाऊन बसले. तो सभेचं भाषण लिहीत होता. मान वर करून हसला, अगदी लहानपणी हसायचा तसा, आणि विचारलं, की मावशी चहा घेणार का. त्याच्या लक्षात येईल म्हणून मी थांबले. आलं नाही. उठून आत गेला, चहा करून आणला, कप माझ्या हातात दिला आणि पुन्हा लिहायला बसला. मुद्दाम म्हणाला असता तर मी कान धरला असता. तो मुद्दाम म्हणाला नाही गं.

मला घ्यायला येऊ नकोस. त्याचं तोंड रोज दिसतं, तेच मागून आले होते. फक्त पत्रं पाठवत जा. पाकिटावर सचिवांच्या मावशी असंच घाल, हो, आता अध्यक्षांच्या. आत मात्र पहिल्या ओळीत मला आई लिही. बाकी मजकूर काही नसला तरी चालेल.

जावईबापूंना आशीर्वाद. माया आहे तशीच असू दे.

तुझी
आई