तिघांची उत्तरं जुळली

११ एप्रिल, शुक्रवार
आजपासून रोज एक पान लिहायचं. माणसाने विचारांची नोंद ठेवावी. माझे तर पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडण्यासारखे आहेत.

सानिकाचा अमेरिकन इतिहासाचा AP पेपर, म्हणजे तिकडच्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा, ९ मेला. पाचपैकी चार तरी पडायला हवेत, तिकडच्या कॉलेजने तशी अट घातलीय. नाहीतर सौदी सोडून सांगलीला इंजिनिअरिंग, तिथे माझ्या मित्राने शब्द टाकून ठेवलाय. सानिकाला सांगली अजिबात नको. हल्ली जेवताना ती बोलते ती फक्त अमेरिकेचा विषय निघाला तरच.

मी दबाव टाकणारा बाप नाही, हे इथे एकदाच लिहून ठेवतो. आज फक्त किती युनिट झाली एवढंच विचारलं. तीनदा विचारलं, पण हसत.

१२ ते १७ एप्रिल
वेळ झाला नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार
क्लास सुरू. हॉलमध्ये व्हाइटबोर्ड लावला. सानिका, तिच्या वर्गातला सिद्धार्थ आणि खालच्या मजल्यावरची निधी. दोघांनाही चारच हवेत. त्यांच्या आईबापांनी विश्वासाने माझ्याकडे पाठवलंय. दहावीला इतिहासात मी शाळेत पहिला होतो हे मीच त्यांना सांगितलं होतं.

सिद्धार्थ गुणी मुलगा. जे बोलेन ते लिहून घेतो, खोकलो तरी पेन उचलतो. निधीने विचारलं की अंकल, तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात का. म्हटलं, गेलो नाही म्हणूनच तटस्थ आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार
महत्त्वाचा दिवस. जुने पेपर घेऊन एक्सेल शीट केली. दोन वर्षं रेल्वेवर प्रश्न आलेला नाही. आमच्या रास तनुराच्या प्लँटवर जो व्हॉल्व्ह दोन वर्षं उघडला नाही तो तिसऱ्या वर्षी उघडावाच लागतो. तेव्हा यंदा रेल्वे. 'अमेरिकेच्या जडणघडणीत रेल्वेचे योगदान' हा निबंध मी स्वतः तयार केला. नऊ मुद्दे. तिघांनी पाठ करायचा. बोर्डाच्या परीक्षेला आम्ही अपेक्षित प्रश्नसंचावरच तर निघालो.

सानिका म्हणाली की बाबा, इट्स नॉट लाइक दॅट, तिथे डॉक्युमेंट्स देतात आणि त्यावर विचार करून लिहायचं असतं. म्हटलं, आम्हालाही शाळेत असंच सांगायचे. मग ती पाण्याची बाटली भरायला उठली. पटलं असावं.

२ मे, शुक्रवार
प्लँटवर शटडाऊन, बारा तासांची ड्यूटी. क्लास फोनवर घेतला. सिद्धार्थने नऊही मुद्दे एका दमात म्हणून दाखवले. ऊर भरून आला. सानिकाचं नेटवर्क खराब होतं, ती ऐकूच येईना. सिद्धार्थ तिच्याच शेजारी बसला होता, त्याचं चांगलं होतं. तिचा फोन बदलायला हवा.

८ मे, गुरुवार
संकल्प: उद्या परतीच्या वाटेवर पेपरविषयी एक शब्द काढायचा नाही.

इथल्या आपल्या शाळेत हा पेपर नसतो. सेंटर बहरीनला. मीच तिघांना नेणार. बायको, अहिल्या, म्हणाली की ती हॉस्पिटलमध्ये रजा टाकून बरोबर येते. म्हटलं, गरज काय? म्हणाली, मुलांना आहे. रजा मिळाली नाही. बरंच झालं, मागे दाटी झाली असती.

९ मे, शुक्रवार
पहाटे ४.४०. अल-खोबर सोडलं. तिघं मागे. पुढची सीट मोकळी, तिथे नोट्स.

७.१५. पोचलो. शेवटची सूचना दिली: मुद्द्यांना मथळे द्या, पट्टीने अधोरेखित करा. सिद्धार्थ म्हणाला, अंकल, पेपर लॅपटॉपवर आहे. हे मला माहीत होतंच. म्हटलं, मनातल्या मनात अधोरेखित करा.

दुपारी १२.१०. तिघं बाहेर आली. मी एक शब्द बोललो नाही. नुसतं बघितलं.

१.३५. कॉजवे. समुद्रावरचा पंचवीस किलोमीटरचा पूल आणि मधोमध इमिग्रेशन. सुटीची गर्दी. पुढे गाड्याच गाड्या. हँडब्रेक लावला.

१.५०. संकल्प कायम. सहज एवढंच विचारलं की रेल्वे आली का.

१.५५. सिद्धार्थ म्हणतो की पेपरची चर्चा करायची नाही असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. मी समजावलं की बहरीन मागे राहिलं, सौदी अजून आलं नाही, खाली पाणी आहे आणि काचा बंद आहेत. तो बुटाची नाडी बांधायला लागला.

२.२०. उत्तरं जुळवणं चालू. तीस मीटर पुढे सरकलो. ऑब्जेक्टिव्हमधले जेवढे प्रश्न आठवले ते टिश्यूच्या खोक्यावर टिपले. सिद्धार्थ आणि निधीचे बहुतेक जुळतात. सानिकाला आठवत नाही म्हणते. थकलीय.

२.४५. मोठा प्रश्न. स्त्रियांच्या मताधिकारावर आला म्हणे. मला धक्का वगैरे बसला नाही. सिद्धार्थला विचारलं की मग लिहिलंस काय. म्हणाला, रेल्वे. सुरुवात अशी की मतं मागत देशभर फिरायला बायकांना गाडी लागायची, आणि मग आपले नऊ मुद्दे. निधीनेही रेल्वेच लिहिली. सानिका खिडकीतून समुद्र बघत होती. दोनदा विचारल्यावर म्हणाली, हो, मीही रेल्वे.

तिघांचं जुळलं. एकाचं चुकेल, दोघांचं चुकेल. तिघं एकाच वेळी कशी चुकतील?

३.३०. बाहेर त्रेचाळीस. एसी फुल्ल. शेजारच्या रांगेत एक मल्याळी कुटुंब, मुलगी त्याच सेंटरची. काच खाली करून तिच्या वडिलांना विचारलं की लेकीने मोठा प्रश्न कसा सोडवला. ते हिंदीत म्हणाले, सोने दीजिए उसको. विचित्र माणसं असतात. पण ती जागी झाली आणि निधीला म्हणाली की सातही डॉक्युमेंट्स मताधिकाराची होती, रेल्वे कुठून आली?

३.४०. निधी रडतेय. म्हटलं, त्या मुलीला वेगळा सेट असणार. सिद्धार्थने विचारलं की मी थोडा वेळ बाहेर उभा राहू का. रांगेत उतरणं धोक्याचं. चाइल्ड लॉक लावलं.

४.३०. वातावरण हलकं करावं म्हणून मुद्दा सातवा (गव्हाची वाहतूक) चालीत म्हणून दाखवला. कुणी हसलं नाही. सानिकाने निधीचा हात धरलाय. मला म्हणाली, बाबा, प्लीज. मी थांबलोच होतो.

५.५०. घर. एकूण दिवस चांगला गेला. संकल्प जवळजवळ पाळला.

२० मे, मंगळवार
मॉलमध्ये सिद्धार्थची आई, अमिता, समोरून आली आणि ओळख न दाखवता गेली. नजर कमजोर झाली असावी. सिद्धार्थला फोन केला, उचलला नाही. अभ्यास संपला की मुलं आळशी होतात.

१४ जून, शनिवार
नोट्सची दुसरी आवृत्ती काढायचा विचार आहे. मताधिकारावर अर्धं पान घालेन. ऑगस्टमध्ये सानिकाला पोचवायला जायचं म्हणून तीन आठवड्यांची रजा मागितली. तिची खोली लावून देईन. कॉलेजात एखादा क्लासही घेता येईल.

७ जुलै, सोमवार
निकाल. सानिकाला पाच. पाचपैकी पाच. जिन्यात जाऊन रडलो आणि तोंड धुऊन आत आलो.

सिद्धार्थला दोन. निधीला दोन.

संध्याकाळी विश्लेषणाला बसलो. एकच नोट्स, एकच निबंध, मग हा फरक का? मांडणी आणि आनुवंशिकता, असा निष्कर्ष निघाला. तसा मेसेज बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकणार होतो. अहिल्याने फोन हातातून काढून घेतला. म्हणाली, अहो, आधी तिला विचारा.

विचारलं. सानिकाने रेल्वे लिहिलीच नव्हती. माझ्या नोट्सचं पहिलं पान सोडून तिने काही वाचलंच नव्हतं. लायब्ररीचं पुस्तक स्कूलबसमध्ये वाचायची. म्हटलं, मग गाडीत खोटं का बोललीस? आमच्याशी नेहमी इंग्रजीत बोलणारी मुलगी, या वेळी सगळं मराठीत म्हणाली. ते दोघं माझ्या शेजारी बसले होते, बाबा. मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही तिथेच त्यांना माझं उदाहरण दिलं असतं. आणि कुणालाच उतरता आलं नसतं.

मग म्हणाली, मी एकटी जाते. तुम्ही येऊ नका.

मेसेज टाकला नाही.

८ जुलै, मंगळवार
रजेचा अर्ज मागे घेतला. साहेबाने कारण विचारलं. म्हटलं, काम आहे.

सिद्धार्थ पुढच्या महिन्यात सांगलीला चाललाय. माझ्याच मित्राच्या शब्दावर, असं अहिल्याकडून कळलं. आज त्याच्या घरी जायचं ठरवलं. काय बोलायचं त्याचे मुद्दे काढायला बसलो. एकच निघाला. मी चुकलो.

अहिल्या म्हणाली, असे दारात जाऊन उभे राहू नका. आधी फोन करा, त्याला नको म्हणता येऊ दे.

फोन केला. त्याने उचलला, ऐकून घेतलं. म्हणाला, अंकल, आज नको.

मी बरं म्हटलं.