ट्रामीतलं स्टेरिंग

आबा, तुमच्या ट्रामीतलं स्टेरिंग काल मी चिमट्यानं उपटून काढलं. भाषेवार नवी राज्यं झाली, भाऊची कचेरी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा घर आवरताना त्यानं ती लाकडी ट्राम माझ्याकडे बुऱ्हाणपूरला धाडली. माझ्या मुलांना खेळायला म्हणे.

अजून डोळ्यांपुढं आहे: तुम्ही ओसरीवर भाऊसाठी ती ट्राम करत बसलेले आहात, मुंबईच्या गोष्टी ऐकायला चार माणसं जमली आहेत. मुंबईत ट्राम हाकलेला गावात दुसरा कोण होता? बोटं बारीक म्हणून डायव्हरची जागा करायचं काम माझ्याकडे. तुम्ही म्हणता, "आता गोल स्टेरिंग कर." मी विचारते, "आबा, गाडी रुळावर चालते ना? बुऱ्हाणपूरच्या लालबाग ठेसनावर इंजिनाला कुठं असतं स्टेरिंग? रूळ वळंल तिकडं जाईल ती." कोणीतरी हसलं, "घ्या, पोरगी डायव्हरला शिकवून राहिली." तुमचा हात माझ्या कानाखाली. "मास्तरीण झाली का? उद्यापासून शाळा बंद." चौथीची परीक्षा आठ दिवसांवर होती. आई चुलीपाशी बसून राहिली, उठली नाही. बांगडी कापून ते स्टेरिंग मी रडत रडत केलं. आणि चांगलं केलं.

परवा नणंदेचे यजमान आले. ते मुंबईला खरंच ट्राम चालवतात. ट्राम डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "वहिनी, ट्रामीला स्टेरिंग? एका हाताला वीज सोडायचा दांडा, दुसऱ्याला ब्रेकचा, पायाखाली घंटा. एक दिवस गाडी हाकलेला माणूससुद्धा असं करायचा नाही."

तुम्ही तिकडं तिकिटं फाडत होता की डबे पुसत होता, देव जाणे. त्या थापेपायी माझी शाळा गेली. हे पत्र तुम्हाला कुठं धाडणार, पण चौथीच्याच अक्षरात लिहिते, लागा वाचायला. छत्रीच्या तारेचे दोन दांडे मी बसवले आहेत, पितळी बटणाची घंटा केली आहे. दिवाळीला भाऊ येईल, सगळा गोतावळा बसेल. तुमच्या फोटोला हार घालायच्या आधी ट्राम मधोमध ठेवून मी सगळं सांगणार आहे. एकेक शब्द पाठ करून ठेवला आहे.

फक्त परवाचं एक राहिलं. पाहुण्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "हे केलं तरी कोणी?" मी म्हटलं, मी. आबा नको म्हणत होते, मीच ऐकलं नाही.