कोटाची दुसरी बाही

४ तारीख, सोमवार

काम मिळालं! आणि कसलं काम, तर उभं राहायचं. आक्काला सांगितलं तर हसून हसून लोळेल. लहानपणी फोटोपुरतंसुद्धा ज्याला दोघांनी धरून ठेवावं लागायचं, पायाला भिंगरी म्हणून ज्याचं नावच तिनं भिंगरी पाडलं, त्याला आता एका जागी गप उभं राहण्याचा पगार.

बसस्टँडवरून शहर बघत निघालो होतो. बघत म्हणजे काय, एका छपरावर कबुतरांची जुंपली होती, तीच बघत बसलो. मान खाली केली तर समोर शिंप्याचं दुकान आणि काचेवर पाटी : उभा राहणारा माणूस पाहिजे. मला वाटलं राखणदार हवाय. आत गेलो. मास्तर तोंडात टाचण्या धरूनच बोलतात, त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द चपटा होऊन बाहेर पडतो. म्हणाले, लाकडी पुतळा श्वास घेत नाही. कोट नीट बसवायचा तर आत खालीवर होणारी छाती पाहिजे. वय विचारलं. बावीस सरून वर थोडं, म्हटलं. चालेल म्हणाले, तेवढंच हवंय.

राहायला दुकानावरची खोली, जेवण मावशींच्या हातचं. मावशी म्हणजे मास्तरांची बायको. महिनाअखेरीपर्यंतच थांबेन असं आधीच सांगून टाकलं. पुढे आक्काकडे जायचंय. तिला आठवा लागलाय, भाऊजी बोटीवर, घरात दुसरं कुणी नाही. तिला दुकानाचा पत्ता तेवढा कळवला, तर फोनवर बजावलंय, या खेपेला आला नाहीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस.

५ तारीख, मंगळवार

खोली झकास. पलंग माझ्यापेक्षा लांब, खिडकी थेट रस्त्यावर, समोर चावीवाल्याची टपरी. भिंतीवर एका पोराचा फोटो. उंच, कान बाहेर आलेले, हसताना एक डोळा बारीक झालेला.

तो मास्तर-मावशींचा मुलगा. एकुलता. चार वर्षांपूर्वी गेला, एकोणिसाव्या वर्षी. लहानपणी वर्गात सगळ्यांत बुटका म्हणून ठेंगू म्हणायचे. मग एका वर्षात ताडमाड वाढला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. डावखुरा होता. त्याची डाव्या हाताची कात्री अजून खिळ्याला आहे, मास्तर तिला रोज तेलाचा थेंब सोडतात.

मी जो कोट घालून उभा राहतो तो त्याचाच. राखाडी, जाड कापडाचा. उजवी बाही बसवलेली, डावी राहिलेली. दर वर्षी मास्तर शिवणीतली माया, म्हणजे आत दाबलेलं जादा कापड, थोडी सोडतात. एव्हाना खांदे भरले असते, म्हणतात. मावशी म्हणतात, छे हो, तो अंगानं सडपातळच राहिला असता. मग दोघं भांडतात. खरंखुरं भांडतात, जणू तो आत आंघोळीला गेलाय. मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

७ तारीख, गुरुवार

उभं राहणं खायचं काम नाही. नाकाला नेमकी तेव्हाच खाज सुटते. त्यात चावीवाला काचेपलीकडून वेडावून दाखवतो.

रोज जेवणं झाली की मावशी जिन्याखाली उभ्या राहून हाक मारतात : ठेंगू, बाही बसवायचीय रे, ये. उत्तर कोण देणार? हाक जिन्यात लोंबत राहते, मग मास्तर मशीन सुरू करतात. आज मी वरच होतो. म्हटलं माउलीला तेवढंच बरं वाटेल. ओरडलो, आलोच!

खाली आलो तर मशीन बंद. मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या फरशीवर पडलेल्या. मावशी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, डाव्या खांद्याकडे बघत होत्या. मग हसल्या. इतकं सुंदर हसल्या की मला माझाच अभिमान वाटला. टाचण्या मीच वेचून दिल्या.

८ तारीख, शुक्रवार

चावीवाल्यानं बोलावून आधी चहा पाजला, मग शिव्या घातल्या. म्हणाला, दर वर्षी एक जण उभा राहतो, महिना भरला की पगार घेऊन जातो. पण हाकेला ओ कुणी दिली नव्हती. ठेंगूला त्या दिवशी हीच हाक आली होती. तो आलोच म्हणाला आणि मागच्या दारानं सटकला. समुद्र बघायचा होता त्याला. बस पुलावरून खाली गेली. आणि तू दीडशहाण्या, नेमका तोच शब्द बोललास.

मी म्हटलं, मला काय स्वप्न पडलं होतं? सगळेच आलोच म्हणतात.

हो, म्हणाला, पण ज्याला हाक मारलेली असते तो म्हणतो.

१२ तारीख, मंगळवार

कोट पाठीत आवळायचा, आता आवळत नाही. मास्तरांनी तर त्याला सुई लावलेली नाही. आज नीट लक्ष दिलं. ते टेप कोटाला लावतात आणि खडूची रेघ माझ्या अंगावर ओढतात. इथे थोडं आत, म्हणतात. इथे जरा लांब. रेघा साबणानं जात नाहीत.

माझी एकुलती एक पँट मावशींनी शिवायला घेतली. गुडघ्यावर फाटली होती, तर सगळीच उसवली. पलंगावर तुकडे पसरलेत. तोवर ठेंगूची घातलीय. झकास बसते, हेच आवडलं नाही.

१५ तारीख, शुक्रवार

पँट परत मिळाली. घोटे उघडे. मावशी म्हणाल्या, वाढतं अंग आहे तुझं. या वयात! मला हसू आलं. समोर आरसा होता. हसताना डावा डोळा बारीक झाला.

माझा होत नाही बारीक. कधीच होत नव्हता.

१८ तारीख, सोमवार

पळालो. कोट अंगातून निघेना, तसाच पळालो. स्टँडवर आक्काच्या गावची बस उभीच होती. पायरीवर पाय ठेवला आणि खांद्याला ओढ बसली.

डाव्या खांद्यातून कच्च्या टाक्याचा पांढरा दोरा निघाला होता. मागे, रस्त्यावरून, कोपऱ्याला वळून. लोक त्याच्यावरून पाय उचलून चालत होते. दातांनी तोडला. तोडला आणि हात गेला. दुखलं नाही. फक्त लोंबायला लागला, रिकाम्या बाहीसारखा. कंडक्टर खेकसला, चढतोस की उतरतोस? दांडा डाव्या बाजूला, धरता येईना.

दोरा गुंडाळत परत आलो. मावशींनी जेवण झाकून ठेवलं होतं.

२१ तारीख, गुरुवार

आज बाही बसवली. मास्तर रडत होते, टाचण्या तोंडात तशाच. मला कळा नाहीत. नुसती ओढ, आतून.

हात चालतो. छान चालतो. त्यानं उठून खिळ्यावरची कात्री घेतली. मी सांगितलं नव्हतं.

हे उजव्यानं लिहितोय. डावा मांडीवर आहे. वाट बघतोय.

२४ तारीख, रविवार

माझा फोन मावशींकडे. वाजतो. त्या म्हणतात राँग नंबर.

चावीवाला आता वेडावत नाही. आज माझ्याकडे बघितलं आणि हातातली चावी खाली पडली त्याच्या.

लिहून ठेवतो : आक्का. आठवा. महिनाअखेर. मी भिंगरी. मी भिंगरी. मी —

२७ तारीख, बुधवार

अक्षर डावीकडे कलतंय. आईनं — मावशींनी — काजं करायला दिलीत. सुरेख होतात. कुठेतरी जायचं होतं. वर लिहिलंय, पण कुणाचं अक्षर ते —

बाबा म्हणतात, शेवटचं बटण लागलं की कोट पुरा. मग कुठे जायला नको.

३० तारीख, शनिवार

एक बाई आली होती. पोट पुढे आलेलं, दाराशीच धाप लागली. भाऊ शोधतेय म्हणाली. आई म्हणाली, इथे आमचा मुलगाच काय तो. बाईनं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ. मग म्हणाली, नाही, हा नाही. मी पाणी दिलं. वाईट वाटलं. कसला हा भाऊ, अशा दिवसांत बहिणीला वणवण करायला लावणारा.

अजून गेली नाही. टपरीवर चावीवाल्याशी बोलतेय. तो आमच्या काचेकडे बोट दाखवतोय. आई दाराला कडी घालतेय.

बाई भर रस्त्यात येऊन ओरडतेय. भिंगरी! ए भिंगरी! कुणाला ते समजत नाही. आई म्हणते तू लिहीत बस, ओ देऊ नकोस. बाबा बटण लावतायत, शेवटचं, गळ्याशी. मी हलत नाही. हात लिहितोय, मान सरळ आहे, छाती खालीवर —

पण टेबलाखाली माझा पाय —