मायचा रिपोर्ट

प्रिय कुंदा,

मायच्या किडनीचा रिपोर्ट काय आला, म्हणून तू चार वेळा फोन केलास. चारही वेळा मी "अजून आला नाय" म्हणाले. खोटं बोलले. तो सोमवारीच आलाय.

नऊ वर्षं करमाडला मायचे गुडघे मी चोळले. तू शहरातली डॉक्टर, जळवांच्या लाळेच्या अर्काचं औषध घेऊन आलीस आणि दोन महिन्यांत माय देवळाच्या पायऱ्या चढली. गावभर सांगत सुटली, "माझ्या कुंदानं बरं केलं." माझं नाव एकदाही नाय काढलं.

औषधानं किडनीला काही अपाय होत नाय ना, हे बघायला तूच तपासणी सांगितली होतीस. मायला घेऊन जाताना मला वाटत होतं, काहीतरी निघावं. लॅबवाला म्हणाला, "मावशी, किडनी एकदम ठणठणीत." माय लई हसली. म्हणाली, "कुंदाला लगेच सांग गं." माझा मात्र चेहरा पडला. सख्ख्या मायची तब्येत चांगली निघाली म्हणून!

एवढी जळले मी तुझ्यावर.

रिपोर्ट उद्या पाठवते. हे पत्र नाय पाठवणार.

तुझी,
अक्का